खडकापासून फुलापर्यंत : सह्याद्रीच्या सड्यावरील निसर्गभ्रमंतीच्या प्रकल्प नोंदी

१८ मे

पावसाळी भ्रमंतीचा मार्ग आखण्याचे काम मुद्दाम मे महिन्यात हाती घेतले, कारण या दिवसांत सड्यावर, म्हणजे सपाट खडकाळ पठारावर, फूल औषधालाही सापडत नाही आणि नजर खडकावरच राहते. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागातील हा सडा कासच्या पठाराप्रमाणेच समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. त्याचे नाव या नोंदींत कोठेही येणार नाही. त्याच्या कड्यालगत कंदीलपुष्पाचे कंद आहेत, आणि दुर्मीळ वनस्पतीचा ठावठिकाणा लिहून ठेवला की तो हवा त्याच्या आधी नको त्याच्या हाती पडतो.

थांबे कोणत्या निकषावर ठरवायचे यावर आज बराच खल झाला. मागील पावसाळ्यातील छायाचित्रे समोर ठेवावीत आणि जिथे फुलांची दाटी दिसते तिथे थांबावे, असा सहकाऱ्यांचा कल होता. मला हे पटले नाही. फुलांची दाटी आठवड्याआठवड्याला जागा बदलते, पाऊस लांबला तर सारे वेळापत्रक कोलमडते आणि वाटाड्याला सांगण्यासारखे काही उरत नाही. खडक मात्र जागचा हलत नाही, आणि कोणते फूल कोठे उगवणार हे त्या खडकावर माती किती साठते व पाणी किती दिवस टिकते यावरच अवलंबून असते. शेवटी प्रत्येक थांबा खडकाच्या एकेका रूपासाठी ठेवावा आणि तेथील वनस्पती त्या रूपाशी जोडून दाखवाव्यात, यावर एकमत झाले.

दुपारनंतर बारीक लोखंडी सळईने सड्यावरील मातीची खोली ठिकठिकाणी पाहिली. उघड्या जांभ्यावर, म्हणजे तांबड्या सच्छिद्र खडकावर, सळई टेकताच खणकन वाजते, उथळ खळग्यांत ती बोटाच्या पेराएवढी आत जाते आणि कडेच्या झुडपांजवळ वीतभर रोवली तरी तळ लागत नाही. या तीन प्रकारांवरून सड्याचा पहिला कच्चा नकाशा तयार झाला.

२ जून

आज चढाचा पहिला टप्पा, म्हणजे घाटरस्त्यासाठी कापलेली दरड, बारकाईने पाहिली. डोंगर कापलेला असल्यामुळे एरवी मातीखाली दडलेली रचना इथे उघडी पडली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर पसरत गेले आणि त्यांतून दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. हे आकडे ऐकून लोक मान डोलावतात आणि विसरतात. त्यामुळे वाटाड्याने आकड्यांपासून सुरुवात करू नये, तर एका थराचा तळ आणि माथा यांवर प्रत्यक्ष बोट ठेवायला लावावे. थराचा मधला भाग घट्ट आणि एकजीव असतो, माथ्याकडे मात्र वायूचे बुडबुडे अडकून राहिल्याने तो सच्छिद्र दिसतो. हीच छिद्रे पुढे पाण्यातून आलेल्या खनिजांनी भरली की काळ्या खडकात पांढरे ठिपके उमटतात.

त्या ठिपक्यांपैकी प्रत्येक ठिपका म्हणजे गारगोटी, असा समज सर्रास आढळतो. रस्त्याकडेला आधीच निखळून पडलेल्या तुकड्यावर पोलादी खिळा ओढून पाहिला की उलगडा होतो. खिळ्याने ओरखडा उठला तर ते बहुधा झिओलाइट गटातील खनिज असते. त्या गटातील स्टिल्बाइट असल्यास त्याची मोत्यासारखी चकाकी भिंगाखाली लगेच ओळखू येते. ओरखडा न उठता खिळाच झिजून धातूची राखाडी रेघ मागे राहिली, तर ती खरी गारगोटी. ही चाचणी पडलेल्या तुकड्यावरच होईल, दरडीला हातोडा लागणार नाही आणि कोणताही तुकडा खिशात जाणार नाही, हा नियम आजच लिहून ठेवला.

दोन थरांच्या मध्ये तांबडा, मातकट पट्टा आहे. एक थर निवून त्याचा माथा झिजू लागल्यावर बऱ्याच काळाने दुसरा लाव्हा त्यावर पसरला, याची ती खूण. हा पट्टा चिकणमातीचा असल्याने वरून मुरलेले पाणी त्याच्यापाशी अडते आणि आडवे वाट काढते. दरडीवर आता केवळ एक ओलसर काळपट रेघ दिसते, पण पावसाळ्यात याच रेघेवर नेचे आणि बेगोनिया ओळीने उगवतात. भ्रमंतीचा पहिला थांबा म्हणून याहून चांगली जागा मिळाली नसती, कारण खडक, पाणी आणि वनस्पती यांचे नाते इथे एका नजरेत दिसते.

१६ जून

पहिला दमदार पाऊस होऊन गेला. उतारावरील कारवीच्या मागील बहराच्या वाळक्या बोंडांवर पाणी पडले की ती तडतडून फुटतात आणि बिया दूर उडतात. आज तो आवाज स्पष्ट ऐकू आला. कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून मरते, त्यामुळे हा आवाज दरवर्षी ऐकायला मिळेल असे भ्रमंतीच्या माहितीपत्रकात लिहिता येणार नाही.

सड्यावर गुरे चारणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांची गाठ पडली. पाण्याच्या वाटा समजून घ्यायच्या होत्या, म्हणून त्यांना विचारले, “काका, वरचं पाणी सगळ्यात शेवटी कुठं आटतं?” ते म्हणाले, “थोरल्या डबऱ्यात. दसरा झाला तरी म्हसरं तिथंच पाणी पित्यात. पर तुमची मानसं त्यात पाय घालनार असतील तर म्हसरं प्यायची न्हाईत.” आमच्या नकाशावर त्या डबक्याच्या काठाने जाणारी वाट होती. ती सायंकाळीच खोडली आणि थांबा डबक्यापासून दूर, किंचित उंचावरच्या उघड्या खडकावर सरकवला. तिथून डबके पूर्ण दिसते आणि गुरांची वाटही अडत नाही.

फुलांत आज चिचुरकांद्याने हजेरी लावली. जमिनीलगत एक-दोन पाने आणि त्यांच्या मधून वर आलेली पांढरी आमरी (ऑर्किड), एवढाच त्याचा पसारा. पावसाच्या सुरुवातीलाच फुलणाऱ्या अशा वनस्पती कंदात साठवलेल्या अन्नावर उभ्या राहतात, म्हणून माती नुकती भिजलेली असतानाही त्या इतरांच्या पुढे असतात.

९ जुलै

वाटाड्यांचे प्रशिक्षण सुरू झाले. पायथ्याच्या गावांतील तरुण-तरुणी आहेत. त्यांना वाटा आमच्यापेक्षा चांगल्या माहीत आहेत, त्यामुळे शिकवण्याचा भर जांभ्यावर ठेवला. उष्ण आणि भरपूर पावसाच्या हवामानात काळ्या पाषाणातील सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे घटक प्रदीर्घ काळ पाण्याबरोबर धुऊन जातात आणि लोह व अ‍ॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरतात. त्यांतून तांबड्या, सच्छिद्र जांभ्याची टोपी डोंगरमाथ्यावर तयार होते. कोकणात समुद्राजवळच्या कमी उंचीच्या सड्यांवरही जांभा आहे, पण माथ्यावरचा आणि तळकोकणातला जांभा वेगवेगळ्या पातळ्यांवर तयार झालेला आहे, हे सांगायला विसरू नये. प्रशिक्षणातील एका मुलीने विचारले, “मॅडम, मग घरं बांधायला चिरा काढतात तो हाच का?” चिरा जांभ्याचाच असतो. जमिनीतून ताजा काढलेला जांभा मऊ असल्याने सहज कापता येतो आणि उघड्यावर राहिला की कठीण होतो, या तिच्या गावातल्या अनुभवाचा धागा पकडून पुढचा सगळा तास सोपा झाला.

उथळ पाणथळ खळग्यांत वायतुरा फुलू लागला आहे. पाण्याखालच्या मातीत त्याचा लहान कंद असतो आणि पाण्यावर येणारा गुलाबी-जांभळट तुरा दोन शाखांत विभागलेला असतो. ही जात सह्याद्रीतील अशाच मोजक्या सड्यांपुरती मर्यादित आहे, त्यामुळे तिच्या खळग्यात पाऊल पडणे म्हणजे जगातील तिच्या मोजक्या घरांपैकी एक तुडवणे होय.

चालण्याचे नियम आज प्रत्यक्ष चालून पक्के केले. पाय नेहमी उघड्या, खडबडीत खडकावर टाकायचा. काळ्या, बुळबुळीत शेवाळी पापुद्र्यावर कदापि नाही, कारण तिथे माणूस घसरतो आणि नवी माती धरू लागलेला तो पापुद्राही सुटतो. सुटा दगड उलटायचा नाही. त्याखाली फुरसे असू शकते, हे कारण सांगितले की नियम आपोआप पाळला जातो; परंतु त्याच दगडाखाली बेडूक, पाली आणि विंचवांचाही आसरा असतो, हे दुसरे कारण वाटाड्यांनी आधी सांगावे, असा माझा आग्रह आहे.

२८ जुलै

सराव भ्रमंती झाली. धुके इतके दाट होते की दहा पावलांपलीकडचा माणूस दिसेना, आणि अशा हवेत गट पंधराहून मोठा असता कामा नये हे कोणालाही वेगळे पटवून द्यावे लागले नाही. एक वाटाड्या पुढे आणि एक मागे राहील. छत्र्यांना मनाई केली, कारण वाऱ्यात त्या सांभाळताना लोकांचे पायांकडे दुर्लक्ष होते. दहापट मोठे दाखवणारे भिंग मात्र दोघांत एक तरी हवेच.

दुसऱ्या टप्प्यावरील स्तंभाकार कड्याचा थांबा धुक्यातही रंगला. लाव्हा निवताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि बहुकोनी खांब तयार होतात. मुंबईच्या गिल्बर्ट हिलवर असेच, पण सुमारे ६० मीटर उंचीचे खांब आहेत, हे ऐकल्यावर तिथे राहणाऱ्या सहभागींचे चेहरे पाहण्यासारखे होते. खांबांमधल्या भेगांत साचलेल्या चिमूटभर मातीत उगवलेली रोपे दाखवली. सपाट माथ्यावर माती खळग्यांत साठते, कड्यावर ती भेगांत साठते. एवढा एक मुद्दा घेऊन लोक वर चढले तरी पुरे.

१७ ऑगस्ट

पहिला सार्वजनिक गट आला आणि आजचा दिवस चौथ्या थांब्याचा ठरला. हा थांबा म्हणजे पेरभर मातीचा, सतत झिरपत्या पाण्याचा उथळ उतार. त्यावर सीतेची आसवे, गेंद आणि दवबिंदू या तिन्ही वनस्पती एकमेकांना खेटून उभ्या आहेत.

गटातील एका शिक्षिकेने नेमका प्रश्न विचारला. दगड लोहाने एवढा भरलेला असताना इथली झाडे उपाशी का म्हणायची? उत्तर देण्यासाठी वाटाड्याने खडकाचाच आधार घेतला, याचे समाधान वाटले. लोह पुष्कळ असणे म्हणजे अन्न पुष्कळ असणे नव्हे. धो धो पावसात नायट्रोजनयुक्त क्षार धुऊन जातात, आणि जे थोडे फॉस्फरस असते ते लोहाची ऑक्साइडे धरून ठेवतात, त्यामुळे मुळांना ते सहजी मिळत नाही. अशा आम्लधर्मी, निकृष्ट मातीत मोठी झाडे तग धरत नाहीत आणि म्हणूनच बुटक्या, वर्षायू वनस्पतींना मोकळे रान मिळते.

यानंतर गुडघ्यांवर बसून भिंगातून पाहण्याचा कार्यक्रम झाला. दवबिंदूच्या अरुंद पानावर लालसर केसांची दाटी असते आणि प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट द्रवाचा थेंब चमकतो. एका पानावर डासाएवढा कीटक चिकटला होता, त्याचे दोन पाय अजून हलत होते, आणि आजूबाजूचे केस त्याच्याकडे वळलेले स्पष्ट दिसत होते. सीतेच्या आसवांचा सापळा मात्र असा वरून दिसत नाही. त्याच्या निळ्या-जांभळ्या फुलाखाली दांडी तेवढी दिसते आणि ओल्या मातीत पसरलेल्या तंतूंवर सूक्ष्म पिशव्या असतात. पिशवीतील पाणी बाहेर टाकले गेल्याने आत कमी दाब निर्माण होतो, आणि एखादा सूक्ष्म जीव झडपेजवळच्या केसांना लागला की झडप उघडून तो पाण्यासकट आत ओढला जातो. हे दाखवण्यासाठी रोप उपटणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. त्याऐवजी पिशवीचे मोठे केलेले छायाचित्र वाटाड्यांकडे प्लास्टिकच्या आवरणात दिले आहे.

शेजारीच, मातीचा थर किंचित जाड असलेल्या पट्ट्यात, पिवळ्या फुलांचा कवला आहे. लाल ठिपक्यांमुळे सध्या बहुतेक जण त्याला मिकी माऊस म्हणतात. तो शेंगावर्गातील असून त्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नायट्रोजन धरून देतात. नायट्रोजनच्या एकाच टंचाईवर दवबिंदू आणि सीतेच्या आसवांनी जीव पकडून पचवण्याचा, तर कवल्याने गाठींचा, असे दोन वेगळे तोडगे काढले आहेत, आणि ते हातभर अंतरात पाहायला मिळतात. गेंदाची पांढरी गुंडी हे एक फूल नसून अनेक इवल्या फुलांचा गुच्छ आहे, हे भिंगातून पाहिल्यावर गटातील लहान मुलांनी एकमेकांकडून भिंग ओढायला सुरुवात केली आणि पाचव्या थांब्यासाठी राखलेला वेळ इथेच संपला. वेळापत्रक पाळण्याचा हट्ट धरला नाही.

७ सप्टेंबर

तेरड्याने सडा गुलाबी झाला आहे, त्यात पंदाच्या पांढऱ्या छत्र्या उठून दिसतात आणि चौकशीचे दूरध्वनी थांबत नाहीत. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कासचा समावेश झाला आणि तेथील गर्दीवर नियंत्रण आणावे लागले. साहजिकच गर्दीचा काही भाग आसपासच्या सड्यांकडे वळतो. येणाऱ्या प्रत्येकाला ‘गालिचा’ हवा असतो. माझ्या मते हा शब्दच भ्रमंतीच्या माहितीपत्रकातून काढून टाकावा, कारण गालिचा म्हटले की माणूस त्यावर बसायला जातो. आज दोघे जण छायाचित्रासाठी तेरड्यात शिरू लागले होते. मागच्या वाटाडीने त्यांना उघड्या खडकाच्या एका उंचवट्यावर उभे केले आणि कॅमेरा जमिनीलगत धरायला सांगितला. छायाचित्र अधिक चांगले आले, असे त्यांनीच कबूल केले. तो उंचवटा आता नकाशावर कायमचा नोंदवला आहे.

कंदीलपुष्पाबद्दलचा निर्णयही आज झाला. नळीसारख्या त्या फुलात लहान माश्या शिरतात, आतले खाली वळलेले केस त्यांना परत फिरू देत नाहीत, आणि केस कोमेजल्यावर पराग घेऊन त्या बाहेर पडतात. इतके विलक्षण फूल दाखवण्याचा मोह प्रत्येक वाटाड्याला होणारच. तरीही गटाला त्या कड्यावर न नेता रेखाचित्रावरूनच समजावून सांगायचे, असे ठरले. त्याचा कंद खणून खाल्ला जातो, शिवाय कड्याची धार पावसाने सैल झालेली असते. दोन्ही कारणे पुरेशी आहेत.

२८ सप्टेंबर

सोनकीने सडा पिवळा झाला. पाऊस ओसरल्याने उघडा जांभा दुपारी तापू लागला आहे, त्यामुळे निघण्याची वेळ सकाळी लवकरची केली. उथळ उतारावरील सीतेची आसवे सुकत आली आहेत आणि थोरल्या डबऱ्यात अजून पाणी आहे.

१९ ऑक्टोबर

शेवटच्या गटासाठी फुले जवळजवळ उरली नव्हती, आणि मला हीच भ्रमंती सर्वांत महत्त्वाची वाटते. मे महिन्यात सळईने मोजलेल्या मातीच्या खोलीचा क्रम आणि वनस्पती वाळण्याचा क्रम तंतोतंत जुळला. उघड्या खडकावरचे सर्वांत आधी, पेरभर मातीतले त्यानंतर आणि कडेच्या वीतभर मातीतले गवत अजून हिरवे आहे. नकाशा आणि सडा शेजारी शेजारी ठेवून लोकांनी हे स्वतः पडताळले.

खडकाच्या खाचांत वाळून गुंडाळलेल्या गवताच्या एका झुबक्यावर वाटाड्याने बाटलीतले थोडे पाणी ओतले. पाती पूर्ण वाळल्यावरही जिवंत राहणाऱ्या आणि पाणी मिळताच पुन्हा हिरव्या होणाऱ्या वनस्पती अशा खडकांवर बऱ्याच आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातील अशा ६२ जातींची यादी प्रसिद्ध केली आहे. गवत हिरवे व्हायला वेळ लागतो, त्यामुळे पाणी घालण्याचे काम वर जाताना करावे आणि उतरताना त्याच जागी थांबून पाहावे.

८ नोव्हेंबर

आढाव्याची बैठक झाली. थांब्यांवर कायमस्वरूपी माहितीफलक लावण्याची सूचना आली होती आणि त्यासाठी निधी देण्याचीही काहींची तयारी होती. मी विरोध केला. फलकाचा खांब रोवायचा तर जांभ्यात खड्डा घ्यावा लागतो, खड्ड्याभोवती काँक्रीट येते, त्याने पाण्याची वाट वळते, आणि उथळ उतारावरील वनस्पती पाण्याच्या त्या वाटेवरच जगतात. शिवाय फलक असला की वाटाड्याची गरज नाही असे वाटून लोक एकेकटे वर येऊ लागतील. बऱ्याच चर्चेनंतर एकच फलक, तोही पायथ्याशी वाहनतळाजवळ, लावायचे ठरले. त्यावर थरांची आकृती आणि चालण्याचे नियम असतील, फुलांची छायाचित्रे नसतील.

वाटाड्यांनी आपण होऊन दोन बदल सुचवले आणि ते दोन्ही मान्य झाले. पाचवा थांबा, जिथवर बहुतेक गट पोहोचलेच नाहीत, तो वगळून चौथ्या थांब्याचा वेळ वाढवायचा. आणि पहिल्या थांब्यावरील खिळ्याच्या चाचणीसाठी निखळलेले तुकडे दर वेळी नव्याने न शोधता एकाच पेटीत ठेवायचे. पेटी पायथ्याच्या शाळेत ठेवण्यास मुख्याध्यापकांनी होकार दिला आहे. पुढील मोजमाप मे महिन्यात, त्याच सळईने आणि त्याच जागांवर घ्यावयाचे आहे.